धार कोण काढतं?



ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांची हयात सातारा आणि सांगलीच्या वाड्यावस्त्यांवर जनावरांच्या मागे गेली. गाय अडली, बैल फुगला, म्हैस पान्हा चोरायला लागली, की माणसं रात्री-अपरात्री त्यांच्या दाराची कडी वाजवायची. त्यांच्या नावाच्या या व्यासपीठावर इतिहास, सहकार, संतसाहित्य असे भारदस्त विषय होऊन गेले. यंदा संयोजकांनी एका पशुवैद्याला बोलावून विषय त्याच्यावरच सोपवला. तेव्हा शेणामुताचा विषय येणार हे त्यांनी धरून चाललं असेलच. मी कासदाहावर बोलणार आहे. गावात आपण ज्याला दगडी म्हणतो त्यावर.

दगडी इथं बसलेल्या बहुतेकांनी पाहिली आहे. सकाळी बघावं तर कासेचा एक भाग लाल, टणक, गरम. गाय हात लावू देत नाही. दुधात खवल्या, कधी पिवळं पाणी, कधी रक्त. दृष्ट लागली म्हणून मीठ-मोहऱ्या उतरवून होतात, मग डॉक्टरांना फोन, मग इंजेक्शन, मग सडात ट्यूब. गाय वाचते, पण पुष्कळदा तो सड कायमचा आटतो आणि चार सडांची गाय तीन सडांची होते. जनावरांच्या बाजारात जाणतं गिऱ्हाईक पैशाचं बोलायच्या आधी खाली बसून चारही सडांची धार पिळून बघतं ते यासाठीच. हे झालं डोळ्यांना दिसणारं दुखणं. न दिसणारं याच्याहून कितीतरी पसरलेलं आहे. त्यात कास मऊ असते, दूध पांढरंच असतं, गाय वैरण खात असते आणि दूध मात्र रोज थोडं थोडं घटत जातं.

या दुखण्यावर आपण औषधाला पुष्कळ पैसा घालतो. पण जंतूला बहुतेक वेळा वाट मिळते ती धार काढायच्या दहा मिनिटांत आणि त्यानंतरच्या तासाभरात. त्या दहा मिनिटांत गाईच्या कासेखाली जी व्यक्ती बसलेली असते, तिला आपण कधी काही विचारलं नाही, की शिकवलं नाही. मला आज एवढंच मांडायचं आहे. बाकी सगळा त्याचा विस्तार.

आधी कासेची रचना बघू, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. कास ही चार वेगळ्या ग्रंथींची बनलेली असते. एकीतलं दूध दुसरीत जात नाही. प्रत्येकीला बाहेर यायला एकच वाट, सडाच्या टोकाशी असलेली जेमतेम सेंटिमीटरभर लांबीची नळी. नळीला आतून केराटिनचं अस्तर असतं. आपल्या नखांत आणि केसांत असतं तेच हे द्रव्य. तोंडाशी गोल स्नायू. धार नसते तेव्हा हा स्नायू आवळलेला राहतो आणि अस्तर जंतूंना धरून ठेवतं. धार काढली की स्नायू सैल पडतो आणि पुन्हा पुरता आवळायला त्याला अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत वेळ लागतो. तेवढा वेळ सडाचं तोंड उघडं असतं. त्या वेळात गाय ओल्या शेणात बसली, तर पुढचं सांगायला नको.

आता पान्हा. सडाला हात लागला की मज्जातंतूंवाटे मेंदूला खबर जाते, तिथून ऑक्सिटोसिन रक्तात उतरतं आणि मिनिटा-दीड मिनिटात कासेत पोचतं. दुधाच्या बारीक पिशव्यांभोवतीचे स्नायू त्यांना दाबतात आणि दूध खाली येतं. हा जोर पाच-सात मिनिटं टिकतो. तेवढ्यात धार आटपली तर ठीक. मधे कुत्रं भुंकलं, कुणी काठी उगारली, अनोळखी माणूस आला, तर ॲड्रिनॅलिन आडवं येतं आणि गाय पान्हा चोरते. गाईच्या कासेत साधारण पाचवा हिस्सा दूध सडाच्या वरच्या पोकळीत तयार असतं, म्हणून पान्ह्याआधीच दोन-चार धारा मिळतात. म्हशीत हा साठा विसाव्या हिश्शाच्या आसपास. त्यामुळे म्हशीला रेडकू लावल्याशिवाय, नाही तर पुढ्यात आंबोण ठेवल्याशिवाय चालत नाही. कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर गिऱ्हाइकाच्या समोर म्हशी पिळतात. तिथला गवळी म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत, तिच्याशी बोलत का बसतो ते यावरून कळेल. म्हशीच्या सडाची नळी लांब आणि तोंडाचा स्नायू घट्ट. म्हणून तिला दगडी गाईपेक्षा कमी होते. आपली पंढरपुरी म्हैस पिळणाऱ्याच्या बोटांना रग लावते, पण जंतूलाही तितकीच दाद देत नाही.

आपल्या दोन्ही जिल्ह्यांत गाय बदलली ती दोन पिढ्यांत. माण, खटाव, जत, आटपाडी हा खिल्लारचा मुलूख. खरसुंडीच्या आणि पुसेगावच्या यात्रेत बैलांचा बाजार भरतो. खिल्लार गाय दूध थोडं द्यायची, वासरू आधी प्यायचं, उरलेलं घरात. सड लहान, कास वर बांधलेली. दुधाचा धंदा इथं नव्हता असं नाही. भास्कर गणेश चितळ्यांनी भिलवडीत डेअरी सुरू केली ती १९३९ साली. पण संकरित गाय घरोघर आली ती पुढे. मणिभाई देसाईंनी उरुळीकांचनला १९६७ साली बाएफ ही संस्था उभी केली, गोठवलेल्या रेताचं कृत्रिम रेतन खेड्यांत पोचलं, १९७० नंतर दुधाचा महापूर योजना आली, तालुक्या-तालुक्यात दूध संघ निघाले. चार लिटरच्या जागी पंधरा-वीस लिटरची एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) दावणीला आली. तिची कास खाली लोंबते, सडाची नळी रुंद, धारेचा वेग जास्त. गाय नवी, पिळणारा हात मात्र जुनाच, अन् पद्धतही खिल्लारची.

ती पद्धत जवळून बघू या. वाळवा तालुक्यातल्या एका गोठ्यात मी उभा आहे, पहाटेचे पाच वाजलेत. वहिनी बादली घेऊन येतात. एकाच बादलीतल्या पाण्याने, एकाच फडक्याने पाचही गाईंच्या कासा पुसतात. पहिल्या दोन धारा जमिनीवर सोडतात. मग बोटं दुधात बुडवून सड ओले करतात, अंगठा दुमडून सडावर दाबतात आणि वरून खाली ओढतात. शेवटी दोन बोटांच्या चिमटीत सड धरून उरलंसुरलं निपटतात. गाय पेंड खाते आहे. धार संपते, पेंड संपते आणि गाय बसते. वहिनी किटली घेऊन पळतात, कारण संकलनाची गाडी सहाला निघते.

यात वहिनींचं काय चुकलं? त्यांच्या सासूबाईंनी दाखवलं तसं त्या करत आल्या. पण एका फडक्याने पाच कासा पुसल्या म्हणजे पहिल्या गाईचा जंतू पाचवीपर्यंत गेला. स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाचा जंतू असाच फिरतो. हातातून, फडक्यातून, मशीनच्या रबरातून. एकदा कासेत बसला की पू धरलेल्या गाठी करून राहतो आणि प्रतिजैविकाला सहज दाद देत नाही. ओल्या कासेवरून घरंगळणारं पाणी सडाच्या टोकाशी येऊन थांबतं आणि तिथून बादलीत किंवा नळीत उतरतं. दुमडलेल्या अंगठ्याचं हाड रोज दोन वेळा सडाच्या आतल्या त्वचेवर घासतं. काही महिन्यांत तिथं गाठ धरते. दुधाने ओला केलेला सड वाळला की तडकतो आणि भेगांत जंतू राहतात. पहिल्या दोन धारा काढून टाकणं मात्र बरोबर आहे. त्यांत जंतू सर्वांत जास्त असतात. त्या जमिनीवर सोडण्याऐवजी काळ्या तळाच्या भांड्यात घेतल्या तर एखादी खवली लगेच दिसते, आणि जिथं गाय बसणार आहे तिथं जंतूही सांडत नाहीत.

मग करायचं काय? कास बरबटलेली नसेल तर धुऊच नये. माण-खटावच्या बायकांना हे सांगितलं की त्यांना आधी हसू येतं, कारण कोण्या साहेबाने पाणी कमी वापरा असं चांगल्या कामासाठी त्यांना पहिल्यांदाच सांगितलेलं असतं. सड तेवढे धुवावेत, एका गाईला एक कोरडं फडकं. फडकी रोज उकळून उन्हात वाळवावीत. कोरड्या हाताने, चार बोटांच्या मुठीत पूर्ण सड धरून, अंगठा बाहेर ठेवून वरून खाली बोटं मिटत जावीत. सड ओढायचा नाही, दाबायचा. मोठ्या सडाच्या एचएफला हे जमतं. पहिलारू कालवडीचे सड आखूड असतात, तिथं चिमटीशिवाय गत्यंतर नाही, पण ती तरी हलकी हवी. धार झाल्याबरोबर चारही सड अर्धा ते एक टक्का आयोडिन आणि ग्लिसरीन असलेल्या द्रावणाच्या कपात बुडवावेत. आणि वैरण धारेच्या वेळी नाही, धारेनंतर गव्हाणीत टाकावी. पेंड धारेला, हिरवी नंतर. म्हणजे गाय अर्धा-पाऊण तास उभी राहते आणि सडाचं तोंड मिटायला वेळ मिळतो.

यातलं शेवटचं सर्वांत स्वस्त आणि सर्वांत अवघड. अवघड अशासाठी, की सहाची गाडी. वैरण कापून आणायला त्या वेळी घरात दुसरं माणूस नसतं. दूध संघाने गाडीची वेळ अर्ध्या तासाने पुढे ढकलली तर किती सड वाचतील याचा हिशेब कुणी केलेला मी पाहिला नाही. दगडीचं कारण कधी कधी गाडीच्या वेळापत्रकात सापडतं.

इंग्लंडात रीडिंगजवळच्या दुग्ध संशोधन संस्थेत १९६० च्या दशकात डॉड, नीव्ह, किंगविल या संशोधकांनी मोठमोठ्या कळपांवर प्रयोग करून पाच कलमी कार्यक्रम बसवला. धारेनंतर सड बुडवणं, दुखणं दिसताच उपचार, गाय आटवताना चारही सडांत औषध, मशीनची नियमित तपासणी, आणि वारंवार आजारी पडणारी गाय कळपातून काढून टाकणं. तो कार्यक्रम आज जगभर चालतो. आपल्याकडे तो पाचवा मुद्दा अडतो. महाराष्ट्रात गोहत्याबंदीचा कायदा १९७६ चा, २०१५ च्या दुरुस्तीने बैल आणि वळूही त्यात आले. कायद्याच्या बऱ्यावाईटात मी शिरत नाही. गोठ्यात काय होतं तेवढं सांगतो. काढून टाकायची गाय बाजारात जाते आणि दुसऱ्या गावच्या दावणीला बांधली जाते, कासेतल्या जंतूसकट. म्हणून आपल्याला एक निराळी शिस्त पाळावी लागेल. आधी पहिलारू पिळायच्या, मग निरोगी गाई, शेवटी दुखऱ्या, आणि दुखरीला पिळलं की हात साबणाने धुवायचे. विकत आणलेल्या गाईची पहिली तपासणी कासेची.

तपासणीचं साधन महाग नाही. १९५७ साली कॅलिफोर्नियात शाम आणि नूरलँडर यांनी काढलेली चाचणी आजही तीच आहे. चार खणांचं प्लास्टिकचं पॅडल, प्रत्येक खणात एका सडाचं दूध, तितकंच द्रावण, आणि गोल फिरवायचं. सड निरोगी असेल तर दूध पातळ राहतं. संसर्ग असेल तर अंड्याच्या पांढऱ्यासारखं चिकट होतं. कारण असं, की कासेत जंतू शिरला की त्याच्याशी लढायला पांढऱ्या पेशी दुधात उतरतात. द्रावणातला साबण त्या फोडतो आणि आतला डीएनए बाहेर येऊन चिकटतो. निरोगी सडाच्या मिलिलिटरभर दुधात या पेशी एक लाखाच्या आत असतात. दोन लाखांच्या वर गेल्या की संशय घ्यावा. पाकिस्तानात फैसलाबादच्या कृषी विद्यापीठात हीच चाचणी कपडे धुण्याच्या पावडरीवर बसवली गेली. अर्धा लिटर पाण्यात पंधरा ग्रॅम पावडर, आणि तितकंच दूध. पावडर ज्या घरात नाही असं घर मला अजून सापडायचं आहे.

या पेशींवरून मी माझ्या खऱ्या तक्रारीकडे येतो. युरोपात टाकीतल्या दुधात पेशी चार लाखांच्या वर चालत नाहीत, अमेरिकेत साडेसात लाखांच्या वर. आपल्या संकलन केंद्राच्या पावतीवर काय असतं? लिटर, फॅट, एसएनएफ (म्हणजे फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ), दर. गाईच्या दुधाला साडेतीन फॅट आणि साडेआठ एसएनएफ धरून दर ठरतो, एसएनएफ घसरला की कपात. ‘डिग्री बसंना झालीया’, म्हणजे एसएनएफ भरत नाही, ही तक्रार घेऊन शेतकरी माझ्याकडे येतो तेव्हा त्याने आधीच खनिज मिश्रण, गोळीपेंड, गूळ, जे कुणी सांगेल ते सगळं घालून पाहिलेलं असतं. कास कुणी तपासलेली नसते. संसर्गाने दुखावलेली ग्रंथी लॅक्टोज कमी बनवते. ती तूट भरून काढायला रक्तातलं सोडियम आणि क्लोराइड दुधात उतरतं, दूध खारट लागतं. केसिन घटतं. एसएनएफ पडतो तो इथं. म्हणजे दर कापताना संघ कासदाहाचाच दंड वसूल करत असतो, फक्त त्याचं नाव पावतीवर लिहीत नाही. पेशी मोजून तो आकडा पावतीवर छापला, आणि कमी पेशींच्या दुधाला चार पैसे वाढवून दिले, तर शिबिरं भरवायची गरज निम्मीही उरणार नाही. सक्तीच्या मी विरोधात आहे. दंड लावला की लहान शेतकऱ्याचं दूध आधी बाहेर फेकलं जाईल. वाढीव दर द्या, एवढंच.

मशीनबद्दल. तरुण पोरांना वाटतं मशीन आणलं की दगडी गेली. मशीन चांगलं आहे, पण ते जंतू तितक्याच तत्परतेने वाटतं. व्हॅक्यूम बारा-तेरा इंचांच्या वर नको. सडाला धरणाऱ्या रबराची आवरणं साधारण अडीच हजार धारांनंतर बदलावीत. पाच गाई, दोन वेळा, म्हणजे दिवसाला दहा धारा, म्हणजे अडीचशे दिवस. आपल्याकडे रबर फाटेपर्यंत चालवतात. आतून त्याला बारीक भेगा पडतात आणि त्यांत दूध कुजतं. दूध संपल्यावरही नळ्या लटकत ठेवल्या की सडाचं टोक बाहेर उलटतं. व्हॅक्यूम बंद न करता नळी ओढून काढली तर आत घुसलेल्या हवेचा झोत दुधाचे थेंब शेजारच्या सडात उलटे मारतो. आणखी एक बघण्यासारखी गोष्ट. मी पाहिलेल्या बऱ्याच गोठ्यांत मशीन येईपर्यंत धार बाईच्या हातात होती. मशीन आलं की ती पुरुषाकडे गेली, आणि कास हाताला कशी लागते हे जाणणारा हात गोठ्यातून कमी झाला.

त्या हाताचं मोल मला खटावातल्या एका आजींनी शिकवलं. गाईला दगडी झाली म्हणून मुलाने मला बोलावलं होतं. मी तपासत असताना त्या मागून म्हणाल्या, ‘म्या चार दिस झालं सांगतीया, मागचा उजवा सड वाईच जड लागतोय. पर आमचं कोन ऐकतंय?’ मुलगा म्हणाला, ‘आये, तू गप बस, डॉक्टर बघत्यात न्हवं.’ आजींच्या बोटांना चार दिवस आधी जे कळलं ते पॅडलवरच कळलं असतं. तेव्हाच चार-पाच वेळा जादा धार काढून आणि वेळेवर औषध देऊन कदाचित सड वाचला असता. शिबिराला मुलगा येतो, कारण संघाचं सभासदपत्र, बँकेचं खातं, गाडीची किल्ली सगळं त्याच्या नावावर. आजी घरी असतात. २०१२-१३ च्या दुष्काळात म्हसवडला माणदेशी फाउंडेशनने चारा छावणी चालवली, तिथं बायका जनावरांपाशीच मुक्कामाला होत्या. एरवी शिबिर आणि बायका यांच्यात पोलादी भिंत असते ती तिथं नव्हती, आणि धार काढणारी समोर होती. अशा ठिकाणी शिकवलेलं राहतं.

आपल्या दोन जिल्ह्यांतच हवा दोन तऱ्हांची. माणमध्ये पावसाचे ढग बघत बसायचं, आणि पाटण, जावळी, शिराळ्यात जूनपासून गोठ्याचा कोबा सुकत नाही. शेणातले ई-कोलायसारखे जंतू तिथं दोन धारांच्या मधल्या वेळात शिरतात. गाय चोवीस तासांत आडवी होते. तिथं फडक्यापेक्षा गोठ्याची जमीन आधी बघावी. फलटणच्या गोविंद डेअरीने मुक्त गोठ्याचा प्रसार केला, त्याने पूर्वेकडे फार फायदा झाला. कोरड्या मातीत गाय हवी तेव्हा बसते. पण तोच गोठा पाटणच्या पावसात छपराशिवाय बांधला की चिखल होतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा सांगलीच्या आयर्विन पुलापाशी सत्तावन्न फुटांवर गेली, महामार्ग बंद पडला, दुधाच्या गाड्या थांबल्या. भरल्या कासेच्या गाई रस्त्याकडेला बांधलेल्या, धार काढून दूध ओतायचं कुठं हा प्रश्न. पाणी ओसरल्यानंतर पूरग्रस्त गावांत लोक आधी घराचा गाळ काढत होते, गोठा नंतर. पुराच्या नियोजनात जनावरांना उंचावर न्यायची जागा ठरवतात. तिथं कोरडा भुसा आणि आयोडिनचा कॅन ठेवायचंही ठरवावं.

औषधाचं थोडक्यात. सडात ट्यूब घालायच्या आधी टोक स्पिरिटने पुसलं नाही तर आपणच जंतू आत ढकलतो. ट्यूबच्या लेबलावर दूध किती तास वापरू नये ते छापलेलं असतं. ते दूध संकलनाला घालू नये, घरच्या पोरांनाही देऊ नये. पेनिसिलीनचं दूध विरजायला ठेवलं की दही लागत नाही, हे घरातल्या बाईला पहिल्यांदा कळतं. कोरफड, हळद आणि चुना यांचा लेप राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानेही (एनडीडीबी) सुचवला आहे: अडीचशे ग्रॅम कोरफड, पन्नास ग्रॅम हळद, पंधरा ग्रॅम चुना. सूज उतरवायला लावावा, मला हरकत नाही. फडकं तेच राहिलं तर लेपही वाया.

संघांच्या संचालकांना माझी मागणी स्पष्ट आहे. संकलन केंद्रावर महिन्यातून एकदा पॅडल फिरवा आणि निकाल दूध घालणाऱ्याच्या नव्हे, धार काढणाऱ्याच्या हातात द्या. शिबिर सभागृहात सकाळी अकराला ठेवू नका. संध्याकाळच्या धारेला गोठ्यात ठेवा, पाच-सहा घरांचं मिळून. शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. तिथल्या विद्यार्थ्यांना यासाठी गावात बोलवा, त्यांनाही गोठ्यातला अनुभव मिळेल. आणि गाडीची वेळ अर्धा तास पुढे घ्या. ती का घेता येत नाही, याचं उत्तर इथं बसलेल्या दोन-तीन संचालकांनी प्रश्नोत्तरांत द्यावं, अशी माझी विनंती आहे.